चौथ्या मजल्यावरची जांभई

४ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. नोकरी लागून तीन आठवडे झाले आणि मी अजून कुणाशी भांडलेले नाही, हे मामीला आधी सांगा.

काम काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, माझ्याआधी ते तुम्हीच केलंय. जुन्या इमारतींवरची नक्षी नोंदवायची. रस्त्यात मान वर करून उभं राहायचं, दिसेल ते कागदावर उतरवायचं, मग शिडीवर चढून लाकडी हातोडीनं ठोकून पाहायचं आणि तक्त्यात दोनांपैकी एका चौकटीत खूण करायची: ‘मजबूत’ किंवा ‘संशयास्पद’. पहिल्याच दिवशी मी साहेबांना विचारलं, समजा कळलंच नाही तर? ते म्हणाले, आपल्या तक्त्यात ‘समजा’ला चौकट नाही.

पण मामा, माणसांनी केवढी गंमत वर नेऊन ठेवली आहे! मी आयुष्यभर खाली बघून चालत होते. एका जिन्याच्या कठड्याला टोकाशी दगडी गोगलगाय आहे. ती जिना चढणाऱ्याकडे अशी बघते की एवढी कसली घाई म्हणून विचारतेय असं वाटावं. एका खांबावर पानांचा गुच्छ आहे आणि नीट पाहिलं तर पानांत कुणाचा तरी चष्मा अडकलाय. औषधाच्या दुकानावर घुबड आहे, त्याचा एक डोळा मिटलेला. पावसाचा नळ धरून ठेवणारे लोखंडी हात आहेत, त्यातल्या एकाला सहा बोटं आहेत. मी दोनदा मोजली. खाली उतरले, खात्री वाटेना, पुन्हा चढून मोजली.

आणि सगळ्यांत मोठी गंमत कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीवर. छपराच्या खाली गिलाव्याचे सात चेहरे ओळीनं. सहा जण एकदम करारी, आत्ता न्यायनिवाडा करतील असे. आणि मधला, चौथा, चक्क जांभई देतोय. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, दाढसुद्धा दिसते. कोण होता हा कारागीर? त्याला कुणी ओरडलं नाही? खाली फुटपाथवर एक किल्लीवाला बसतो. तो म्हणाला, वीस वर्षं ह्याच्याखाली बसतोय, दुपारी चुकून वर बघितलं की मलाही येते.

आमची शिडी तिसऱ्या मजल्यापर्यंतच पोचते. पण कपाटात तुमची बारा वर्षांपूर्वीची वही सापडली. ‘सातही चेहरे ठोकले. भरीव.’ तुमचं अक्षर बघून जेवढा आनंद झाला तेवढा पहिल्या पगाराचा होईल की नाही कोण जाणे.

मामीच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची भाची

१५ जानेवारी

चि. मोजपट्टी,

पत्र पोचलं. फोन केला नाहीस हे बरं केलंस. फोनमध्ये मला नुसती फसफस ऐकू येते आणि मग मी हो हो म्हणत राहतो. परवा तुझ्या मामीच्या बहिणीला मी हो हो म्हणालो, आता ती पंधरा दिवस राहायला येते आहे.

सहा बोटांचा हात मला माहीत आहे. आम्ही त्याला मुकादम म्हणायचो, सगळीकडे एक बोट जास्त घालतो म्हणून. आणि जांभईवाला! त्याची ओळख झाली का तुझी? तो कुणी केला ते माझ्या उस्तादालाही माहीत नव्हतं. माझा अंदाज असा की सहा चेहऱ्यांना मालक समोर बसला असेल आणि सातव्या दिवशी मालकाला कंटाळा आला असेल. ज्यानं केला त्याचा हात बघ. जांभईत गाल कसा आत ओढला जातो ते त्याला ठाऊक होतं. असा गाल आता कुणी करणार नाही. मी चाळीस वर्षं साचे केले, मलाही जमला नसता.

तुला मी घरी शिकवलं, शाळेत दहाव्या वर्षी गेलीस, म्हणून नातेवाईक नावं ठेवायचे. मामी बाराखडी शिकवायची आणि मी गिलावा. आता त्यांना सांग, मुलगी शिडीवर आहे म्हणून.

एक लक्षात ठेव. ‘संशयास्पद’ ही फार वाईट चौकट आहे. तिथं खूण झाली की आठवड्याच्या आत छिन्नीवाले येतात आणि भिंत सपाट करून जातात. डागडुजी कुणी करत नाही. तेव्हा हात जपून चालव.

मामीचा गुडघा तसाच.

मामा

२७ जानेवारी

ती. मामा,

एक काळजी आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून मी दुर्बिणीनं चेहरे पाहिले. चौथ्याच्या डाव्या कानामागे एक बारीक रेघ दिसते. केसाएवढी. सकाळी दिसते, दुपारी उन्हात नाहीशी होते. मी चार दिवस जाऊन पाहिली. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले की माणसाला पाळण्यातून वर नेणारी उंच गाडी एप्रिलपर्यंत मिळणार नाही आणि तक्ते पंधरा फेब्रुवारीला द्यायचे आहेत. जुन्या वहीत भरीव आहे ना, मग तेच तक्त्यात उतरवून घ्या.

मला उतरवून घ्यायचंच आहे, मामा. खरं सांगते, ‘संशयास्पद’ लिहायला माझा हात धजत नाही. तो चेहरा छिन्नीखाली जाईल आणि त्याला मीच कारण होईन. मी लहान असताना तुम्ही खिडकीतून बाहेर वाकून ठोकायचात, मी आत उभी असायचे, आणि तुम्ही विचारायचात, सांग, भरीव की पोकळ? भरीवचा आवाज दाराला पाय लागल्यासारखा, पोकळचा मडक्यासारखा. चुकले तर कान धरायचात. तसं मला वरपर्यंत जाऊन एकदाच ठोकता आलं असतं तर पत्रच लिहिलं नसतं.

किल्लीवाल्याला मी सहज विचारलं की थोडे दिवस पलीकडच्या कोपऱ्यावर बसाल का? तो म्हणाला, ताई, किल्ली हरवलेला माणूस आधीच गोंधळलेला असतो, त्याला माझा कोपरा शोधायला कुठे लावता? वर त्याने माझ्या पेटीचं कुलूप तेल घालून दिलं. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं मला विचारलं, वर काय आहे एवढं? मी तिला जांभई दाखवली. ती तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ हसत होती.

मी तुमच्या शब्दावर खूण करणार आहे, म्हणून एकच विचारते. रागावू नका. चौथा चेहरा ठोकल्यावर तुम्हाला काय ऐकू आलं होतं?

तुमची भाची

५ फेब्रुवारी

चि. भाचीस,

मी प्रत्येक चेहरा तीन-तीनदा ठोकला होता. स्वतः परांचीवर उभा राहून. चौथा तर पाच वेळा. वहीत लिहिलं आहे ते लिहिलं आहे.

सकाळी दिसते आणि दुपारी जाते ती रेघ रंगाची असते. चाळीस वर्षांत अशा शंभर पाहिल्या. दुर्बिणीतून नक्षी तपासणारी पहिली तूच. ज्या मामानं हातोडी कशी धरायची ते शिकवलं त्याचीच आता उलटतपासणी घेणार असशील तर घे. मला काय, मी घरी बसलेला म्हातारा.

मामा

(खाली मामीचं अक्षर:) बाळ, तुझं पत्र आल्यापासून हे जेवताना एक शब्द बोलत नाहीत. माझी बहीण आली आहे, तिला वाटतंय तिच्यामुळेच. तू काय लिहिलंस? ते पत्र मला वाचायला देत नाहीत.

१३ फेब्रुवारी

ती. मामा,

माफ करा. मी तसं विचारायला नको होतं. तुम्ही पाच वेळा ठोकलंत म्हटल्यावर माझं मन शांत झालं.

तक्ता आज दिला. सातही चेहरे: मजबूत. खाली एक ओळ छापलेली असते, ‘प्रत्यक्ष ठोकून पाहिले’, तिच्यासमोर सही करावी लागते. मी सही केली. साहेबांना म्हटलं, मी ठोकलं नाही, मामांनी ठोकलंय. ते म्हणाले, घरातल्या घरातच आहे की.

संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. जांभई जागेवर होती. मी त्याला म्हटलं, वाचलास बघ. मग स्वतःचीच लाज वाटली.

मामीला म्हणावं, बहिणीमुळे काही नाही. माझ्यामुळे होतं.

तुमची भाची

९ मार्च

ती. मामा,

वर्तमानपत्र तुमच्याकडे येत नाही, म्हणून मीच लिहिते.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला चौथा चेहरा पडला. वारा नव्हता, पाऊस नव्हता, कुठे खणत नव्हते. किल्लीवाला एका बाईची किल्ली कानशीनं घासत होता. तिनं सांगितलं की वर काहीतरी करकरलं, तिनं मान वर केली, आणि त्यानं नाही केली, कारण किल्ली चिमट्यात होती. चेहऱ्याचं वजन बावन्न किलो भरलं. किल्लीवाला गुरुवारी दुपारी गेला.

मी साडेअकराला तिथे पोचले. सगळ्या रस्त्यावर किल्ल्या पसरल्या होत्या. लोक त्या गोळा करून एका टोपलीत टाकत होते. माणसाला उचलून नेल्यावर करण्यासारखं दुसरं काही राहिलं नव्हतं, म्हणून बहुतेक.

चेहरा तीन तुकडे होऊन पडला होता. मी त्याची मागची बाजू पाहिली. मामा, मागे माझा अख्खा पंजा जाईल एवढी पोकळी होती. तार गंजून सुईसारखी झालेली. आणि आत कोळ्याचं जाळं होतं, त्यावर धूळ, त्या धुळीवर चुन्याचा थर, त्यावर पुन्हा जाळं. हे एक-दोन वर्षांचं नाही. गेल्या वेळी रंग दिला त्याच्याही आधीचं आहे. बारा वर्षांपूर्वी तो पोकळच होता. तो मडक्यासारखा वाजला असणार. मी नऊ वर्षांची असताना सांगितलं असतं.

तुम्ही लिहिलंत तीनदा ठोकलं, पाच वेळा ठोकलं. ते पत्र मी आज पुन्हा काढून वाचलं. मी विचारलं होतं ते त्यात कुठेच नाही.

पुन्हा विचारते. काय ऐकू आलं होतं?

२५ मार्च

चि. मोजपट्टी,

काही नाही. काही ऐकू आलं नव्हतं.

सोळा दिवस हे एवढं लिहायला लागले. आता पुढचं लिहितो.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा माझे कान जायला लागले. आधी उजवा. चाळीस वर्षं ठोकाठोकीत राहिल्यावर होतं तसं, पण मला कुणाला सांगायचं नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला परांचीवर कोण चढवणार? मामीलाही सांगितलं नाही. तिला वाटायचं मी लक्ष देत नाही, आणि त्यावरून ती भांडायची, ते मला बरंच पडायचं.

तू खिडकीत उभी असायचीस आणि मी विचारायचो, भरीव की पोकळ. तुला वाटायचं मी तुला शिकवतोय. सुरुवातीला शिकवतच होतो. नंतर मी विचारत होतो. तू भरीव म्हणालीस की मी भरीव लिहायचो. कान धरायचो तो तू चुकलीस म्हणून नाही, आळसानं न ऐकताच सांगितलंस असं तुझ्या तोंडावर दिसायचं म्हणून. त्या तीन वर्षांत माझ्या वह्यांत जे आहे ते तुझ्या कानांचं आहे.

मग जूनमध्ये तुझे वडील येऊन तुला शाळेला घेऊन गेले. मी अडवलं होतं ते आठवतं? घरचं शिक्षण चांगलं आहे, एवढी दोन वर्षं राहू दे, असं तुझ्या आईला म्हणालो होतो. सगळ्यांना वाटलं लळा लागलाय. लळा होताच. पण सगळा लळा नव्हता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सव्वातीन वर्षं मी हाताचा तळवा भिंतीला लावून ठोकायचो. कधी थरथर कळायची, कधी कळायची नाही. नाही कळली की भरीव लिहायचो. पोकळ लिहिलं तर छिन्नी येणार, आणि मी त्या चेहऱ्याला हात लावून उभा असायचो. असा गाल. कसं लिहू? आजवर टिकलाय, पुढेही टिकेल, असं म्हणायचो.

फेब्रुवारीत तू विचारलंस तेव्हा खरं सांगायला वेळ होता. मी वाक्य असं जुळवलं की त्यात खोटं काही येऊ नये. त्याला एक पूर्ण दिवस गेला. तेवढ्या वेळात तिथे येऊन त्या माणसाला हाताला धरून उठवता आलं असतं.

तुझ्या कागदात सगळं माझ्या नावावर लिही. वही माझी, चूक माझी.

मामा

३० मार्च

ती. मामा,

पत्र मिळालं. मी ते कचेरीत वाचलं आणि मग तासभर गोदामात जाऊन बसले. मला तुमचा राग आला आहे आणि तो जाईल असं मी खोटं लिहीत नाही. खिडकीत उभी असलेली मुलगी मला आजवर माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लाडकी मुलगी वाटायची.

पण सगळं तुमच्या नावावर लिहिता येणार नाही. ‘प्रत्यक्ष ठोकून पाहिले’ ह्या ओळीसमोर सही माझी आहे. रेघ मी पाहिली होती, तुम्ही नाही. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून सही केली हे अर्धंच खरं आहे. मला ती जांभई भिंतीवर राहायला हवी होती. तुम्ही जे केलंत तेच मी केलं, आणि मला तर ऐकू येतं.

चौकशी सोळा एप्रिलला आहे. साहेबांनी बोलावून घेऊन समजावलं. म्हणाले, रस्त्यावरच्या जड गाड्यांच्या हादऱ्यानं पडला असं सगळेच म्हणतायत, तू फक्त हो म्हण. वही कपाटात आहे ती कपाटातच राहू दे. तुझी नोकरी राहील, मामांचं नाव राहील, आणि इतर इमारतींना कुणी हात लावणार नाही. त्यांना ती नक्षी खरंच आवडते, मामा. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सहा बोटांच्या हाताचा फोटो आहे.

मी नाही म्हटलं. कारण तुमच्या त्या सव्वातीन वर्षांत तपासलेल्या इमारतींखालून रोज माणसं चालतात. वही मी चौकशी करणाऱ्यांकडे दिली, तुमची फेब्रुवारीची आणि मार्चची पत्रंही दिली आणि माझा लेखी जबाब दिला. तीन दिवसांत फुटपाथ बंद होतील. गाडी एप्रिलमध्ये यायची आहे, पण वाट बघायची त्यांची तयारी नाही. उरलेले सहा चेहरे काल उतरवले. नोंद करायला मला उभं केलं होतं. दुसरा, पाचवा, सहावा आणि सातवा भरीव निघाले. मी प्रत्येक तुकडा ठोकून पाहिला.

आता दोन गोष्टी तुमच्याकडून हव्यात. पहिली, जूननंतर तुम्ही एकट्यानं तपासलेल्या इमारतींची यादी. एकही गाळू नका, लाडकी असली तरी.

दुसरी, तुम्ही इथे यायचं आहे. किल्लीवाल्याची बायको मला दोनदा भेटायला आली. पहिल्यांदा ती टोपलीतल्या किल्ल्यांबद्दल विचारत होती, कुणाच्या कुठल्या ते तिला माहीत नाही आणि लोक दाराशी येतात. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, “ज्यानं वहीत लिहिलं तो माणूस जिवंत आहे का?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग त्यानं माझ्यासमोर बसावं.”

मी तिला तुमच्या वतीनं काही कबूल केलेलं नाही. तुम्ही काय ते कळवा.

तुमची भाची

७ एप्रिल

चि. मोजपट्टी,

यादी सोबत आहे. एकोणतीस इमारती. शेजारी फुली आहे तिथे तळव्याला काहीच कळलं नव्हतं, त्या आधी बंद करा. गोगलगाय यादीत आहे. चष्म्याचा खांबही आहे. घुबड नाही, ते तू आत उभी राहून भरीव सांगितलं होतंस. तरी पुन्हा ठोकायला लाव. तू नऊ वर्षांची होतीस.

यादी मामीनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली, दोन्ही वेळा ताडून पाहिली. तिला आता सगळं माहीत आहे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली की एवढी वर्षं मी तुम्हाला बेपर्वा समजून भांडले, ते तुम्ही मला भांडू दिलंत.

मी पंधरा तारखेला येतो. मामीचा गुडघा पाहता एकटाच येतो. मला घ्यायला येऊ नकोस, मी पत्ता विचारत येईन.

समोर बसेन. पण तिचं बोलणं मला ऐकू येणार नाही, आणि ऐकू न आल्यावर मान डोलवायची माझी सवय तुला ठाऊक आहे. त्या बाईसमोर माझी मान डोलता कामा नये. तू शेजारी बस आणि ती काय म्हणते ते कागदावर लिहून माझ्यापुढे ठेव. मला लागेल म्हणून एखादा शब्द गाळशील, मऊ करशील. तसं करू नकोस. ती शिवी देईल तर शिवी लिही. ती गप्प बसली, तर गप्प बसली आहे असं लिही.

मामा